थोरल्याचा रविवार

प्रश्न थोडक्यात असा: वय ४७, कोल्हापुरात शिवाजी पेठेत जुनं घर. वडील अचानक गेले तेव्हा डिप्लोमा नुकताच झाला होता, पुण्यात नोकरी लागली होती. ती सोडून उद्यमनगरातलं वर्कशॉप हाती घेतलं. बहिणीचं लग्न केलं, धाकट्याला इंजिनिअर केलं, तो आता पुण्यात असतो. दीड वर्षापूर्वी आईला अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू गेली. धरून चालवलं तर चार पावलं चालते. मध्यंतरी जुने मित्र रविवारी डोंगरात न्यायला लागले होते. मसाई पठारावर गेलेलो असताना घरी आई बाथरूममध्ये घसरून पडली. हाड मोडलं नाही, पण तेव्हापासून डोंगर बंद. 'मिसेस सगळं बघते, तिची काही तक्रार नाही. पण माझं कशातच मन लागत नाही. कधी वाटतं वर्कशॉप विकून मोकळं व्हावं. माणसानं स्वतःचं सुख बघायचं की घरच्यांचं?'

उत्तर:

तुमचा शेवटचा प्रश्न तूर्त बाजूला ठेवू. तो एवढा मोठा आहे की त्याचं उत्तर द्यायला बसलं की कुणीही कीर्तनाला उभं राहतं. आधी बाथरूमकडे या.

आई पडल्या त्या रविवारी तुम्ही घरात असता तर काय झालं असतं? बाहेरच्या खोलीत पेपर वाचत बसला असता, नाहीतर दारात कुणाशी तरी बोलत उभे असता. आईच्या अंघोळीला तुम्ही आत थांबत नाही. उजवा हातपाय साथ देत नसलेली बाई ओल्या फरशीवर घसरायची ती घसरलीच असती. झटका येऊन गेलेली माणसं घरात पडणं ही फार नेहमीची गोष्ट आहे आणि पडायच्या जागाही ठरलेल्या असतात: बाथरूम, पलंगाची कड, रात्री अंधारात उंबरा. तुम्ही मात्र हिशेब असा मांडलात, की मी डोंगरात गेलो म्हणून आई पडली, मी डोंगर सोडला की आई पडणार नाही. या हिशेबात फरशी होती तशीच राहिली.

माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच जणांचं गाडं इथंच अडतं. मनाला लागलं की माणूस आधी स्वतःला शिक्षा करून घेतो. आवडीचं काहीतरी सोडतो. सोडल्याचं दुःख झालं की आपण काहीतरी केलं असं त्याला वाटतं आणि मग खरं करायचं ते राहून जातं. तुम्ही रविवार सोडलात, त्यातून आईंच्या पदरात काय पडलं? घरात पडलेल्या चेहऱ्याचा एक मुलगा, आठवड्यातून एक दिवस जास्त.

आता जे खरोखर उपयोगाचं आहे ते सांगते. आईंची उजवी बाजू गेलीय, म्हणजे धरायला डावा हात आहे. कमोडवर किंवा अंघोळीच्या खुर्चीवर बसल्यावर डाव्या हाताशी येईल असा दांडा हवा. टॉवेल अडकवायचा नव्हे, अंगाचा भार घेणारा. पेठेतल्या जुन्या घरांच्या भिंती मातीच्या असतात, त्यात रावळप्लग, म्हणजे स्क्रूसाठी ठोकतात ती गुल्ली, धरत नाही. दांडा भिंतीसकट हातात येतो. अशा ठिकाणी जमिनीवर उभी राहणारी चौकट करावी लागते. आणि तुम्हाला ती कुणी करून द्यायची? तुमच्या वर्कशॉपमध्ये लेथ आहे. सव्वा ते दीड इंची स्टेनलेस पाइप घ्या, मुठीत नीट बसतो. खाली फ्लँज, म्हणजे जमिनीवर टेकणारी रुंद चकती, टर्न करून घ्या, पायाला रबर लावा. उंची तुमच्या मनानं ठरवू नका. आईंना खुर्चीवर बसवा, डावा हात कोपरात थोडा वाकलेला राहील इतकी धरा. अंघोळ बसूनच, मागे टेकायला असलेल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर. दाराची आतली कडी काढून टाका, बाहेरून उघडेल अशी बसवा. रात्री जळणारा बारका दिवा लावा. चालवताना माणसानं त्यांच्या उजव्या अंगाला, म्हणजे दुबळ्या बाजूला राहायचं आणि उठवताना तो उजवा हात धरून कधीही ओढायचा नाही, खांदा निखळतो. हे फिजिओथेरपिस्टनं सांगितलंही असेल, पण ते ज्याला सांगतात तो आणि उठवणारा हे बहुतेक घरांत वेगवेगळे असतात.

ती चौकट चोवीस तास आईंजवळ उभी राहील. तुम्हाला तेवढं जमणार नाही, आणि जमायची गरजही नाही.

आता उठवणाऱ्या माणसाबद्दल. तुमच्या सगळ्या लिहिण्यात बायकोचा उल्लेख एका वाक्यात आहे: 'मिसेस सगळं बघते, तिची काही तक्रार नाही.' तुमचं पुण्याच्या नोकरीबद्दल एक अख्खं वाक्य आहे, वडिलांबद्दल आहे, मसाई पठाराबद्दल आहे. या बाईंबद्दल तक्रार नाही एवढंच कळतं. रागावून लिहीत नाही. समोर बसलेले दहातले नऊ पुरुष असंच सांगतात, आणि खोटंही सांगत नसतात. त्यांना खरंच तेवढंच दिसतं.

म्हणून पहिलं काम वहीचं. साधी शंभर पानी वही घ्या आणि एक आठवडाभर आईंसाठी घरात जे जे होतं ते लिहा. पुढं किती वेळ लागला आणि कुणी केलं ते. सकाळी तोंड धुवून देणं, डायपर बदलणं, चहा पाजताना ठसका लागला म्हणून पाठीवरून हात फिरवत बसणं, ब्लाउजच्या बाह्यांत आधी दुबळा हात घालून मग चांगला हात घालणं, बीपीची गोळी, दुपारी माश्या वारणं, 'कोण आलंय गं?' या प्रश्नाला दिवसातून वीसदा उत्तर देणं. रात्री किती वेळा उठावं लागलं तेही. रोजची कामं घड्याळ लावून लिहिली की घरोघरी एकच चित्र निघतं. थोरल्याची जबाबदारी म्हणजे औषधाचे पैसे, डॉक्टरांशी बोलणं, मोठे निर्णय आणि काळजी. काळजी खरी असते, तिनं माणसाची झोप उडते, ती मी कमी लेखत नाही. पण काळजी करणं वेगळं आणि काळजी घेणं वेगळं, आणि वहीत काळजी घेण्याच्या कामांपुढं सारखं एकच नाव येत जातं.

तुमच्या घरी कदाचित वेगळं निघेल. तुम्ही रात्री उठत असाल, अंघोळीचं पाणी काढून देत असाल. निघू दे. वही कुणाला दोषी धरायला नाही.

या वहीबरोबर आणखी एक गोष्ट करून बघा. आजाऱ्याला सांभाळणाऱ्या माणसावर किती भार पडतो हे मोजायची एक प्रश्नावली स्टीव्हन झारिट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं सहकाऱ्यांसोबत १९८० मध्ये केली. मुळात ती विसराळूपणाचा आजार असलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या घरच्यांसाठी होती, आता कुठल्याही लांबलेल्या आजारपणात वापरतात. सध्याच्या रूपात २२ प्रश्न असतात. स्वतःसाठी वेळ उरत नाही असं वाटतं का, आजाऱ्याजवळ असताना राग येतो का, तब्येतीवर परिणाम झालाय का, अशा धर्तीचे. प्रत्येकाला शून्य ते चार गुण. तुमच्या डॉक्टरांकडे किंवा कुठल्याही समुपदेशकाकडे मिळेल. दोघांनी वेगवेगळ्या खोलीत बसून भरा. नवरा शेजारी बसला की बाई सगळीकडे 'नाही' लिहिते, हे अनुभवानं सांगते.

मग तुमच्या रविवारचा प्रश्न जरा वेगळा दिसायला लागेल. तुम्ही विचारताय 'मी जाऊ का?' त्याआधी एक प्रश्न आहे: तुमच्या मिसेस शेवटच्या कधी गेल्या? माहेरी आजारपण-बारसं सोडून, नुसत्या गेल्या. रंकाळ्यावर मैत्रिणीबरोबर भेळ खायला, दुपारी नाटकाला, कुठंही. हे त्यांना विचाराल तेव्हा पहिलं उत्तर 'मला कुठं जायचंय?' असं येईल. ते उत्तर धरून गप्प बसू नका. दीड वर्ष कुणी विचारलं नाही की माणसाला आपल्याला काय हवंय हेही आठवत नाही. पुन्हा विचारा, आठ दिवसांनी विचारा.

धाकट्या भावाकडे वळू. तो पैसे पाठवत असणार, कमीजास्त. तुम्ही त्याला याहून जास्त काही सांगितलेलं नसणार, कारण सांगितलं तर थोरलेपणाला कमीपणा येतो. ही आपल्याकडची एक जुनी खोड आहे. मोठा भाऊ मागत नाही आणि धाकट्यानं न मागता द्यावं म्हणून मनातल्या मनात वाट बघतो, आणि तो देत नाही म्हणून मनातल्या मनात रागावतो. धाकट्याला यातलं काहीही माहीत नसतं. त्याला वाटतं दादा खंबीर आहे.

मागायचं कसं हेही शिकावं लागतं. 'तू जरा लक्ष दे आईकडं' असं म्हणालात तर तो 'हो दादा' म्हणेल आणि फोन ठेवेल. तारीख लावून मागा. 'महिन्याच्या दुसऱ्या शुक्रवारी रात्री निघ, रविवारी संध्याकाळी परत जा. ते दोन दिवस आईचं सगळं तू बघायचंस. वहिनी घरी नसेल.' पुणं-कोल्हापूर सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर आहे, रस्त्याची कामं धरूनही एका रात्रीत होतं. पहिल्या वेळी त्याला काही येणार नाही, डायपर उलटा लावेल. लावू दे. तुम्ही दारात उभं राहून सूचना देत बसलात तर तुमचा दिवसही जाईल आणि त्याचा हुरूपही.

बहिणीलाही विचारा. इथं कायद्याचं थोडं सांगते, भांडायला नव्हे, डोक्यातलं चित्र नीट व्हावं म्हणून. आईवडिलांच्या निर्वाहाचा २००७ चा केंद्राचा कायदा आहे. त्यात जबाबदारी सगळ्या सज्ञान मुलांवर आहे, मुलगा आणि मुलगी दोघांवर. थोरला असा शब्द त्यात नाही. त्याहून गंमत म्हणजे त्या कायद्यातल्या 'मुलं' या शब्दाच्या व्याख्येत सून येत नाही. घरात जिच्यावर सगळं चालतं तिला कायदा ओळखतच नाही. हा कायदा भावाभावांच्या वाटणीसाठी नाही हे मात्र लक्षात घ्या. दाद मागायची ती आईवडिलांनी, प्रांताधिकाऱ्यांच्या दर्जाच्या अधिकाऱ्यापुढच्या न्यायाधिकरणात. तुमच्यावर ती वेळ आलेली नाही आणि येऊही नये.

बहिणीच्या बाबतीत एक अवघड जागा आहे. वडिलांच्या मिळकतीत मुलगी १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यापासून वारस आहे, आणि २००५ च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित मिळकतीतही ती भावाच्या बरोबरीला आली. तरी आपल्याकडे लग्न लावून दिलं, आहेर केला, की हक्कसोडपत्रावर सही घ्यायची रीत चालूच आहे. तुम्ही घेतली असेल तर आता 'तुझीपण आई आहे' म्हणताना जीभ थोडी अडखळेल. अडखळायलाच हवी. मागताना ते लक्षात ठेवून मागा. बहिणी बहुतेक वेळा येतातच, सही केलेली असो वा नसो.

आता पंचवीस वर्षांमागच्या त्या नोकरीबद्दल, कारण मला वाटतं खरी सल तिथं आहे. मसाई पठार नंतरचं.

तुम्ही ज्या वयात वर्कशॉपच्या शटरची किल्ली हातात घेतली, त्या वयात तुम्हाला कुणी विचारलं नव्हतं. दहाव्याला जमलेल्या नातेवाइकांनी 'आता तूच बाप' म्हटलं आणि तुम्ही झालात. ते चांगलं केलंत की वाईट, हे ठरवायचं काम माझं नाही. घर उभं राहिलं. पण जे मनापासून दिलं आणि जे द्यावं लागलं, या दोन्हींची पुढं वेगळी फळं येतात. द्यावं लागलेलं माणूस विसरत नाही. ते खतावणीत राहतं आणि त्याची वसुली कधीतरी, कुठंतरी, भलत्याच माणसाकडून होते.

तपशील बदलून एक सांगते. गुळाच्या व्यापारातले एक गृहस्थ होते, असेच थोरले. पुतण्याच्या साखरपुड्यात, पाहुणे जेवायला बसलेले असताना, कुठल्याशा मानापानावरून धाकट्या भावाशी बोलाचाली झाली. हे उठले, घरी गेले आणि एक प्लास्टिकची पिशवी घेऊन आले. पिशवीत भावाच्या कॉलेजच्या फीच्या पावत्या, हॉस्टेलच्या मेसची बिलं, सगळी वर्षावार लावलेली. ती त्यांनी पंक्तीत मांडली. भाऊ उठून गेला आणि पुढं कित्येक वर्षं बोलला नाही. हे गृहस्थ माझ्याकडे आले ते 'मी एवढं केलं आणि माझं कुणीच नाही' म्हणत. त्यांनी केलेलं सगळं खरं होतं, एकही पावती खोटी नव्हती. फक्त ती पिशवी जपत त्यांनी आयुष्य काढलं, आणि घरच्यांना पिशवी दिसत नसली तरी तिचा वास येत होता.

तुमच्या घरात अशी पिशवी आहे का, हे शोधायची एक खूण आहे. घरात कुणी स्वतःसाठी काही मागितलं, मुलानं महागडे बूट, बायकोनं माहेरी चार दिवस, की तुमच्या तोंडून 'आमच्या वेळी' किंवा 'मी कधी मागितलं?' असं निघतं का? निघत असेल तर तुमच्या सोडलेल्या सुखाची किंमत घरातली सगळी माणसं थोडीथोडी भरताहेत. स्वतःच्या वाट्याचं थोडं तरी मिळत राहिलेला माणूस दुसऱ्याला देताना मोजत नाही. तुमच्या डोंगराच्या बाजूनं मी बोलतेय ते एवढ्यासाठी. तुम्ही थकलाय म्हणून तुम्हाला बक्षीस द्यावं, असं माझं म्हणणं नाही.

हेही सांगायला हवं, की हल्ली मोबाइलवर दर तिसऱ्या व्हिडिओत 'आधी स्वतःवर प्रेम करा, बाकीचे गेले खड्ड्यात' असा उपदेश चालतो, त्यातली मी नव्हे. असा उपदेश करणाऱ्याच्या घरी अंथरुणाला खिळलेलं कुणी नसतं. काही सुखं सोडावीच लागतात, आणि सोडल्याचं वाईटही वाटतं, आणि ते वाईट वाटणं बरोबर असतं. फक्त किती काळ आणि कशाच्या बदल्यात, हे बघायला हवं.

२०१९ चा पूर तुम्ही पाहिलाय. पेठेतल्या तालमींची पोरं आठवडा आठवडा घरी गेली नाहीत, दुकानदारांनी दुकानं बंद ठेवून जेवणं पोचवली, कुणी झोप-भूक बघितली नाही. पुराचे नियम वेगळे असतात. पण पाणी ओसरल्यावर कुणी पुराच्या नियमानं जगत नाही. जगायला गेला तर महिन्याभरात आडवा होईल. झटक्यानंतर पहिले तीन ते सहा महिने पुराचे असतात. सुधारणा सगळ्यात वेगानं तेव्हाच होते, तेव्हा सगळं सोडून व्यायामाच्या मागं लागणं योग्यच. तुम्हाला दीड वर्ष झालं. आईंची तब्येत आता जवळपास स्थिरावलीय, हे असंच काही वर्षं चालणार आहे, चालू दे अशीच इच्छा आहे. आणि तुम्ही घर अजून पुराच्या नियमानं चालवताय. पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा पातळी गाठतं, धोका पातळी ४३ ला. मधले चार फूट हालचाल करायला असतात. तुम्हीही दोघं मिळून तुमच्या घराची इशारा पातळी ठरवून टाका. सलग चार रात्री झोप नाही. आईवर आवाज चढला. मुलानं बोलणं कमी केलं. जेवताना दोघांत एक शब्द नाही. यातलं काहीही झालं की त्याच आठवड्यात मदत बोलवायची, पुण्याला फोन करायचा, बारा तासांच्या मावशी ठेवायच्या. आईवर हात उगारेपर्यंत थांबायचं नाही. तुम्हाला वाटेल आपल्या घरात असलं काही होणार नाही. ज्या घरांत झालं त्या सगळ्या घरांत असंच वाटत होतं.

मावशी ठेवायचं म्हटलं की 'गल्ली काय म्हणेल' हा प्रश्न येतो. गल्ली म्हणणार. दोन आठवडे. मग गल्लीच तुमच्याकडे त्या मावशींचा नंबर मागायला येईल. पेठेत राहण्याचा त्रास आहे तसा फायदाही आहे, तो वापरा. एक हाक मारली तर खुर्चीसकट आईंना उचलायला चार पोरं येतात, हे फ्लॅटमधल्या माणसाच्या नशिबी नसतं. शेजारच्या दोन घरांचे, तालमीतल्या एखाद्या भरवशाच्या पोराचे, डॉक्टरांचे आणि रुग्णवाहिकेचे नंबर मोठ्या अक्षरात कागदावर लिहून भिंतीला लावा. डोंगरात मोबाइलची रेंज जाते. तेव्हा घरच्यांनी पहिला फोन तुम्हाला करायचाच नाही, त्या कागदावरच्या पहिल्या नंबराला करायचा, हे सगळ्यांना सांगून ठेवा.

आईंना कुणी विचारलंय का? त्यांची वाचा आहे की नाही हे तुम्ही लिहिलेलं नाही. 'कोण आलंय' हे मी माझ्या मनानं लिहिलं. बोलता येत नसलं तरी बहुतेकांना कळत असतं. झटका येऊन गेलेल्यांपैकी साधारण तिसऱ्या हिश्श्याला नैराश्य येतं, आणि घरचे त्याला हट्टीपणा किंवा रडवेपणा म्हणतात. डॉक्टरांना मुद्दाम विचारा, त्यावर औषध असतं. आणि त्यांना काहीतरी काम द्या. डाव्या हातानं मेथी निवडता येते, शेंगा सोलता येतात, नातवाच्या वहीवर कव्हर घालताना कागद दाबून धरता येतो. ज्या बाईनं घर चालवलं तिला दीड वर्ष नुसतं सांभाळून घेणं हाही एक प्रकारचा अपमानच होतो. रविवारी निघताना त्यांची परवानगी मागू नका. 'जाऊ का?' विचारलं की त्यांना 'नको' म्हणायची भीती आणि 'जा' म्हणायची जबाबदारी, दोन्ही येतं. सांगा: 'आई, मी पन्हाळ्याला चाललोय, अकराला येतो. तोवर शेजारच्या काकी बसणार आहेत, नाश्ता त्या देतील.' म्हणजे त्यांना काय होणार ते कळतं. घाबरवतं ते न कळणं.

पहिला डोंगर छोटा घ्या. पन्हाळा किंवा जोतिबा, पहाटे जाऊन दुपारच्या आत परत. तेही तुमच्या मिसेसचा पहिला दिवस होऊन गेल्यावर. क्रम उलटा करू नका. 'आधी मी जातो मग तू जा' यातलं 'मग' कधी येत नाही. दोघांचे दिवस कॅलेंडरवर आधी लिहा आणि बाकीची कामं त्याभोवती बसवा. उरलेल्या वेळात जायचं म्हणाल तर वेळ उरत नसतो. दोन-तीन महिने हे सुरळीत चाललं आणि धाकट्याचे शनिवार-रविवार लागले, की जुलैतला पन्हाळा ते पावनखिंड ट्रेक करा. तो दोन दिवसांचा असतो. त्याची तयारी म्हणून तरी धाकट्याला आत्तापासून डायपर लावायला शिकवा.

तुमचं 'कशातच मन लागत नाही' हे मी सगळ्यात शेवटी ठेवलं, ते किरकोळ म्हणून नव्हे. वर सांगितलेलं सगळं करूनही दोनेक आठवड्यांत फरक वाटला नाही, पहाटे तीन-चारला जाग येऊन पुन्हा झोप लागत नसेल, जेवण उतरत नसेल, आपण नसतो तर बरं झालं असतं असे विचार येत असतील, तर मग हा वेळापत्रकाचा प्रश्न राहत नाही. मनोविकारतज्ज्ञांकडे जा; कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयातही तो विभाग आहे. शेवटच्या प्रकारचे विचार येत असतील तर दोन आठवडेही थांबू नका, आजच घरात सांगा. सरकारची टेली-मानस ही फोनसेवा १४४१६ वर चोवीस तास चालू असते, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. उद्यमनगरातल्या माणसाला मशिनचा आवाज बदलला की लगेच कळतं. स्वतःच्या बाबतीत मात्र वर्ष वर्ष ढकलतात.

राहिला वर्कशॉप विकायचा विषय. आत्ता नको. विकूच नका असं नाही, तो तुमचा अधिकार आहे, आणि ४७ वय काही नवं सुरू करायला उशिराचं नाही. पण झोप नसलेल्या माणसानं खरेदीखत-विक्रीखताच्या कागदाला हात लावू नये. सहा महिने थांबा. तोवर एक बघा: तुम्हाला वर्कशॉपचा कंटाळा आलाय की वर्कशॉपमध्ये एकट्यानं सगळं बघण्याचा? दुसरं असेल तर एक चांगला सुपरवायझर नेमून, ऑर्डरी थोड्या कमी घेऊनही भागतं. पहिलं असेल तर सहा महिन्यांनीही ते तसंच असेल. मग सीएकडे जाताना मिसेसना बरोबर घेऊन जा, आणि कर्जापोटी काय काय तारण आहे ते त्यांना आधीच सांगून ठेवा.